आतून न उघडणारं दार

आधीच सांगते, ट्रिप मी प्लॅन करते. अजमानच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. लांब वीकेंड आला की बायका माझ्या दारात उभ्या. "संजना, हत्ताला जावं की जेबेल जैसला?" "संजना, अल ऐनला लहान मुलांना घेऊन जमेल का?" मी त्यांना रस्ता सांगते, वॉशरूम कुठे स्वच्छ आहे ते सांगते, कुठल्या पंपावरचा करक चहा पिण्यासारखा आहे आणि कुठल्या पंपावरचा नुसताच गरम आहे तेही सांगते. गाडीत कोण कुठे बसणार हेसुद्धा मी ठरवते. नवरा हसतो, हसू दे. त्याच्यावर सोडलं असतं तर आम्ही बारा वर्षं नुसता समुद्राकाठी कॉर्निशवरच चणे खात बसलो असतो.

उपेंद्र, म्हणजे माझा नवरा, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका कंपनीत कंप्लायन्सला आहे. नियम पाळले जातायत की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. तो ते घरीही करतो. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा शंभरच्या पाटीखाली नव्वदने चालवणारा माणूस. व्हॉट्सअॅपवर कुणी दंडाचा मेसेज फॉरवर्ड केला की हा लगेच आपल्या नावावर काही आहे का ते तपासणार. मी म्हणायचे, स्वभावच आहे, सरळ माणूस आहे. त्या शनिवारपर्यंत म्हणायचे.

त्या शनिवारची ट्रिप मी सोमनाथभावजींसाठी काढली होती. सोमनाथ आणि उपेंद्र एकाच वाडीतले, गुहागरजवळचे. उपेंद्र पहिल्यांदा इथे आला तेव्हा त्याच्या हातात डिग्री होती आणि राहायला जागा नव्हती. सोमनाथभावजी तेव्हा सोनापूरला कंपनीच्या कॅम्पमध्ये राहायचे, साइटवर सळ्या बांधायचं काम करायचे. आपली कॉट त्यांनी उपेंद्रला दिली आणि स्वतः दोन कॉटांच्या मध्ये जमिनीवर झोपले. इंटरव्ह्यूला घालायला शर्ट दिला, तो उपेंद्रला खांद्यात मोठा होत होता म्हणून मागून सेफ्टी पिना लावल्या. ही गोष्ट मला उपेंद्रनेच सांगितली, लग्न ठरलं तेव्हा. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्या पाण्यावर भाळले, खोटं कशाला बोलू.

आता पाळी उलटी आली होती. भावजींची कंपनी बंद पडली, व्हिसा कॅन्सल झाला. दिवाळीपासून ते आमच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपत होते. नशीब म्हणून अबुधाबीच्या एका कंपनीने फोरमन म्हणून घ्यायचं कबूल केलं, पासपोर्ट त्यांच्या सरकारी कागदपत्रं करणाऱ्या पीआरओने नेला, प्रोसेस सुरू झाली. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याने मात्र बजावून सांगितलं होतं, "व्हिसा हातात पडेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका. टाकलंत तर खलास, सगळं पहिल्यापासून. आणि कंपनी थांबणार नाही." थांबली नाही तर गावाला परत. गावाला सगुणावहिनी, दोन मुली, मोठीचं नर्सिंगचं पहिलं वर्ष. भावजी वरून हसायचे, पण पहाटे मी पाणी प्यायला उठले की ते जागेच असायचे.

म्हणून म्हटलं, चला, जरा हवा बदलू. खोरफक्कान, मग समुद्राकाठाने फुजैराकडे, आणि वाटेत आत डोंगरात एक हिरवं गाव. नकाशात मला ते आदल्याच आठवड्यात सापडलं होतं. खजुराच्या बागा, पाटाचं पाणी, फोटो बघून भावजी म्हणाले, "वहिनी, हे तर आपल्या पालशेतसारखं दिसतंय." मग काय, ठरलंच.

त्या गावाभोवती नकाशात एक तुटक रेघ होती, ती मी बघितली होती. हो, बघितली होती! पण इथे राहणाऱ्या माणसाला तुटक रेघेचं काय कौतुक? ही अमिराती म्हणजे फाटलेल्या गोधडीचे तुकडे आहेत. आमच्या अजमानचाच एक तुकडा डोंगरात कुठेतरी, शारजाचा तुकडा तिसरीकडे. एका सकाळी चार रेघा ओलांडल्या तरी कुणी विचारत नाही. मला वाटलं ही त्यातलीच एक.

गाडीत पुढे उपेंद्र, इथे स्टिअरिंग डावीकडे असतं, आणि मी. मागे उजवीकडे मिहिका, आमची आठ वर्षांची लेक, कारण तिला गाडी लागते आणि तिची खिडकी चालते. मध्ये आइसबॉक्स, नवाकोरा, साठ दिरहम, म्हणजे आपले चौदाशे झाले की हो! आणि उपेंद्रच्या मागे भावजी. त्या दाराचा चाइल्ड लॉक अडकलेला होता. आतून उघडतच नाही, बाहेरून कुणीतरी उघडावं लागतं. गॅरेजला दाखवू दाखवू करत राहिलं होतं. खोरफक्कानला उतरलो तेव्हा उपेंद्र गोल फिरून आला, दार उघडलं आणि कमरेत वाकून म्हणाला, "या साहेब, उतरा."

"बघा वहिनी," भावजी म्हणाले, "एमबीए ड्रायव्हर ठेवलाय मी. पगार मागत नाही."

किती हसलो आम्ही! वाळूत बसून आंबोळ्या आणि भावजींनी पहाटे उठून केलेलं सुक्या जवळ्याचं कालवण खाल्लं. मिहिका नाक मुरडत म्हणाली, "इट स्मेल्स, काका," आणि तिनेच सगळ्यात जास्त खाल्लं. भावजींना इतकं मोकळं हसताना मी कित्येक महिन्यांनी बघत होते. मनात म्हटलं, संजना, जिंकलीस.

मग आम्ही फुजैराच्या रस्त्याला लागलो आणि मी सांगितलं तिथे उपेंद्रने गाडी आत वळवली. डोंगर दोन्हीकडून जवळ आले. रस्ता गुळगुळीत, गाडी एकही नाही. मी बागा कधी दिसतात म्हणून मान उंच करून बघत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पाठोपाठ उपेंद्रचा. मग भावजींचा. मी आपलं सहज वाचलं, मोठ्याने वाचलं, "वेलकम टू ओमान."

उपेंद्रने वेग कमी केला.

"परत वाच," उपेंद्र म्हणाला.

मी परत वाचलं. माझा आवाज मलाच परका वाटला. समोर बघितलं तर खांबांवर झेंडे, लाल-पांढरे-हिरवे, आपले नव्हेत, म्हणजे अमिरातीचे नव्हेत. पेट्रोल पंपाचं नाव कधी न ऐकलेलं. समोरून एक गाडी गेली, तिची नंबर प्लेट पिवळी. ओमान! परदेश! ना चौकी लागली, ना कुणी शिक्का मारला, ना कुणी हात दाखवला. आम्ही देशाबाहेर आलो होतो आणि मागच्या सीटवर असा माणूस होता ज्याच्या खिशात पासपोर्ट नव्हता, ज्याला देशाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं.

मी मागे वळून बघितलं. भावजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. "वहिनी," ते एवढंच म्हणाले, "माझा व्हिसा."

"काही होत नाही!" मी म्हटलं. मला काही माहीत नव्हतं, पण म्हटलं. "गाडी वळव रे, आल्या रस्त्याने परत जाऊ."

उपेंद्र वळवेना. पुढे रस्त्याच्या कडेला पोलिसांची कचेरी दिसत होती, बाहेर गाडी उभी. "परत जाताना पकडतील," तो पुटपुटायला लागला. "कॅमेरे असणार. बेकायदा एक्झिट, बेकायदा एन्ट्री. गाडीचा इन्शुरन्स ओमानला चालत नाही. आपल्याकडे आयडी तरी आहेत. आपण चुकून आलो म्हणू शकतो. पण याच्याकडे…"

"याच्याकडे काय?" मी विचारलं.

त्याने कचेरीच्या बऱ्याच अलीकडे गाडी कडेला घेतली. आरशात बघत बोलला, मागे वळून नाही. "सोम्या, ऐक. तुझे पेपर नाहीत. तू आमच्यासोबत सापडलास तर मी विनापासपोर्ट माणूस बॉर्डरपार नेला असा अर्थ होतो. माझी नोकरी जाईल. आमचे सगळ्यांचे व्हिसे माझ्यावर आहेत. मिहिकाची शाळा आहे. तू इथे उतर. आम्ही पुढून रस्ता काढून बाहेर पडतो, मग मी कुणाला तरी पाठवतो तुला न्यायला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. खरंच सांगते, आई शप्पथ, मला वाटलं कानात काहीतरी झालंय. मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. हे तोंड मी रोज बघते, या तोंडाने आत्ता तासाभरापूर्वी भावजींच्या हातचं कालवण ओरपलं होतं. आणि मी, जिची बडबड बंद करायला देव खाली यावा लागतो, तिची दातखीळ बसली.

भावजींनी दाराचा खटका ओढला. दार उघडलं नाही. परत ओढला. मग हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

उपेंद्र उतरला. गोल फिरून आला. बाहेरून दार उघडलं.

सकाळचंच ते दार. सकाळचाच तो माणूस. फक्त आता तो वाकला नाही आणि साहेबही म्हणाला नाही. भावजी उतरले. मिहिकाच्या डोक्यावर हात ठेवून मग उतरले. पाण्याची बाटली सीटवरच राहिली.

उपेंद्रने गाडी सोडली तेव्हा कुठे मला वाचा फुटली. "अरे थांबव! थांबव म्हणते ना! माणूस आहे की दगड तू? त्याच्या कॉटवर झोपलायस तू, त्याचा शर्ट घालून नोकरी मिळवलीयस!" मी दाराला हात घातला, त्याने लॉक दाबला. मी त्याच्या खांद्यावर मारलं, दंडावर मारलं. मिहिका रडायला लागली. "पापा, व्हाय डिड वी लीव्ह काका? पापा!" तो समोर बघत गाडी हाकत होता आणि एकच घोकत होता, "मला फॅमिली आहे. मला फॅमिली आहे." जणू भावजी आभाळातून पडले होते.

आरशात भावजी लहान लहान होत गेले. ते आमच्याकडे बघत नव्हते. पॅन्टीत शर्ट नीट खोचत होते.

डोंगरातून रस्ता वळत गेला. खजुराच्या त्या बागा आल्या, पाटाचं पाणी आलं, मी तिकडे बघितलंही नाही. कुठे जातोय हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आणि मग परत फोन वाजले. माझा, त्याचा. उपेंद्रने झडप घालून बघितलं आणि त्याच्या तोंडून एवढा मोठा श्वास सुटला.

"वेलकम टू यूएई! आलो! संजू, आलो आपण, सुटलो!" तो हसायला लागला. खरोखर हसत होता. झेंडे बदलले होते, आपलेच होते. रस्त्याच्या कडेला आठ-दहा घरं, एक मशीद, एक बारकं ग्रोसरीचं दुकान. त्याने गाडी दुकानासमोर लावली आणि घाम पुसला. "आता हायवे कुठे ते विचारू. मग सोम्यासाठी काहीतरी बघू."

मी त्याच्या आधी उतरले. दुकानात एक केरळी माणूस होता. मी हिंदीत विचारलं, "भैया, फुजैरा का रास्ता?"

"जिधर से आए उधर से," तो म्हणाला. "दूसरा रास्ता नहीं है."

"पण उधर तो ओमान है," उपेंद्र मागून म्हणाला.

तो माणूस हसला. हे त्याला रोजचंच असावं. त्याने काउंटरवर एक बिस्किटाचा पुडा ठेवला. "ये शारजा." पुड्याभोवती बोटाने गोल काढला. "ये ओमान." मग दोन्ही हात पसरून अख्ख्या काउंटरवरून फिरवले. "और बाहर सब तरफ यूएई. कोई बॉर्डर नहीं, कोई चेकिंग नहीं. सब लोग आते हैं, जाते हैं. शुक्रवार को तो पिकनिकवालों की लाइन लगती है."

"पुलिस?" उपेंद्रने विचारलं.

"पुलिस चाय पीता है, साब."

म्हणजे काहीच नव्हतं. चौकी नव्हती, कॅमेरा नव्हता, गुन्हा नव्हता. भावजींचा व्हिसा जिथे होता तिथेच, अगदी सुखरूप होता. वेलकमचे ते दोन मेसेज सोडले तर त्या दिवशी आम्हाला कुणी काहीही केलेलं नव्हतं. जे काही झालं ते आमच्या गाडीत, आमच्या हाताने झालं. मी दुकानाच्या पायरीवर मटकन बसले.

उपेंद्र माझ्यासमोर उभा होता. "मला काय माहीत," तो म्हणाला. "तूच रस्ता शोधलास ना? तुझंच प्लॅनिंग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हो," मी म्हटलं, "रस्ता माझा चुकला. माणूस तू टाकलास. दोन्ही एका मापात नको तोलूस. चल, गाडी काढ. दुसरा रस्ता नाही ऐकलंस ना? त्याच्या समोरूनच जायचंय आता."

"मी काय तोंड दाखवू त्याला?"

"जे आहे तेच दाखव."

परतीचा तो रस्ता मला जन्मभर पुरेल. भावजींना सोडलं होतं तिथे ते नव्हते. कडेला कुणीच नव्हतं, नुसते दगड आणि ऊन. कुठे गेले? डोंगरात शिरले की काय? कुणाच्या गाडीत बसले? मी काच खाली करून "भावजी! भावजी!" ओरडत होते. मिहिकाही ओरडत होती. पोलीस कचेरीसमोर आलो तर एक पोलीस रस्त्यावर येऊन हात दाखवत होता. आणि त्याच्या मागे, सावलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात चहाचा कागदी कप घेऊन सोमनाथभावजी बसले होते.

ते आपणहून तिथे चालत गेले होते. लपले नाहीत, पळाले नाहीत. ज्या कचेरीला घाबरून आम्ही त्यांना टाकलं, त्याच कचेरीत जाऊन हजर झाले होते.

पोलीस वयस्कर होता, तोडकीमोडकी हिंदी बोलत होता. त्याने खिडकीत वाकून विचारलं, "ये आदमी तुम्हारे साथ?"

"हां हां!" उपेंद्र लगेच म्हणाला, केवढ्या मोठ्याने म्हणाला! "मेरा भाई है, सर. मेरा अपना भाई."

हे शब्द आता किती सहज निघाले! मी त्याच्याकडे बघतच राहिले. थोड्या वेळापूर्वी जो शब्द त्याच्या घशातून बाहेर येत नव्हता, तो आता काही लागत नाही म्हटल्यावर सुळ्ळकन बाहेर आला. त्याने भावजींना सोडलं त्याचा धक्का बसलाच होता, पण खरं सांगू, हा त्याहून मोठा होता.

पोलिसाने कपाळाला आठ्या घातल्या. "भाई?" त्याने मागे वळून भावजींकडे बघितलं. "ये बोला, मैं अकेला आया. पैदल आया. मेरे साथ कोई नहीं. तीन बार पूछा, तीन बार बोला, कोई नहीं." मग तो हसला, खांदे उडवले. "मैं बोला हबीबी, डरता क्यों है, इधर कोई बॉर्डर नहीं. चाय पियो. यल्ला, ले जाओ भाई को."

पकडले गेलो असतो तर? तर भावजी आमचं नावसुद्धा घेणार नव्हते. उपेंद्रची नोकरी, आमचे व्हिसे, मिहिकाची शाळा, सगळं त्यांनी आपल्या त्या एका वाक्यात वाचवून ठेवलं होतं. स्वतःचं सगळं जातंय असं समजून. मला तिथे रस्त्यात रडू फुटलं, आवरेचना.

भावजी उठले, कप कचऱ्याच्या डब्यात टाकला, पोलिसाला शुक्रान म्हणाले. मी उतरून पुढची सीट त्यांना दिली. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. त्या बंद दारामागे मी बसले. अजमानपर्यंत मिहिका मध्येमध्ये पुढे वाकून भावजींच्या खांद्याला हात लावून बघायची.

घरी आल्यावर उपेंद्रने माफी मागितली. भावजी म्हणाले, "असू दे रे उप्या, घाबरतो माणूस." दुसऱ्या दिवशी कुठेतरी जाऊन आले आणि बॅग भरली. अजमानलाच बेडस्पेस, म्हणजे भाड्याची कॉट, मिळालीय म्हणाले, कामाला जवळ पडेल. काम तर अबुधाबीला सुरू व्हायचं होतं.

व्हिसा लागला त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. सगुणावहिनींना व्हिडिओ कॉल लावला, त्या रडल्या, मुली हसल्या, मीही रडले. उपेंद्र जरा मोकळा झाला. त्याला वाटलं असावं, मिटलं. पेढा तोंडात टाकून तो म्हणाला, "सोम्या, आता सेलिब्रेट करू! थंडी आहे तोवर लिवाच्या वाळवंटात जाऊ, तंबू लावू. संजू, लाग प्लॅनिंगला. कोण कुठे बसणार ते आत्ताच ठरव."

भावजी चपला घालत होते. माझ्याकडे बघून हसले, अगदी नेहमीसारखे, चिडवतात तसे.

"जाऊया की," ते म्हणाले. "फक्त वहिनी, मला आतून उघडणाऱ्या दाराशी बसवा. मागच्या वेळी उप्याला उगाच उतरावं लागलं."